दिवा हिरवा होता, मुकुंददादा

मुकुंददादा, तुम्ही मरून माझी मोठी पंचाईत करून ठेवलीत.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर चार चांगले शब्द लिहून द्या, असा निरोप आलाय. तुमच्याबरोबर प्रयोगशाळेत काम केलेली आणि मराठीत लिहू शकणारी जपानातल्या या निशी-कसाईत मी एकटीच, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. चांगले शब्द माझ्याकडे आहेत. खोटं कशाला बोलू, चारपेक्षा जास्तच आहेत. पण त्याआधी आपलं भांडण संपायला हवं होतं, आणि तुम्ही तर ऐन भांडणातून उठून गेलात. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी गेलेल्याबद्दल बोलतच नाहीये, गेलेल्याशी बोलतेय. त्याला कुणी बंदी घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. छापायचं की नाही ते मंडळाने ठरवावं.

अश्विनीवहिनींचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. फुनाबोरीच्या घरी, सकाळचा चहा पिता पिता छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात, एवढंच त्या सांगू शकल्या. त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? रडू नंतर आलं, आणि खूप आलं. पण पहिल्यांदा आला तो संताप. मनात आलं, सुटला हा माणूस! आता हा प्रयोगशाळेतल्या सेन्सेईंना खरं कधी सांगणार? पोळी तव्यावर करपून काळी झाली, शेवटी निलेशने येऊन गॅस बंद केला. मला धक्का बसलाय असं त्याला वाटलं. बसला होताच, पण नवऱ्याला वाटला तो नव्हे.

तुमची-माझी ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. त्या काळात पुण्या-मुंबईहून इंजिनिअर विमानं भरभरून येत होते, आणि त्यांच्यामागून आम्ही बायका, बॅगांमध्ये कुकर, पोळपाट आणि डिग्र्या भरून. कुकर आणि पोळपाट लगेच बाहेर निघाले, डिग्र्या बॅगेतच राहिल्या. भेटेल तो विचारायचा, मिस्टर कुठल्या कंपनीत? तुम्ही एकटेच असे निघालात, ज्यांनी मी काय शिकले ते विचारलं. मी म्हटलं, प्राणिशास्त्रात एमएस्सी, विशेष विषय कीटक. तुम्ही हातातली मोदकांची प्लेट खाली ठेवलीत आणि म्हणालात, "चिलटं सांभाळशील का?" माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता, आणि हे निलेशलाही माहीत आहे.

तुम्ही योकोहामाच्या बाजूच्या एका विद्यापीठात संशोधक होतात. आम्हा सगळ्यांच्या आधी आलेले, त्यामुळे तुमचं जपानी सगळ्यांत चांगलं, आणि ते चांगलं आहे हे तुम्ही कुणाला विसरू देत नव्हतात. दर कार्यक्रमात तोच विनोद: मराठी बाई स्टेशनवर नवऱ्याला 'अहो' म्हणून हाक मारते आणि आजूबाजूची जपानी माणसं दचकतात, कारण त्यांच्या भाषेत 'आहो' म्हणजे मूर्ख. आम्ही दर वेळी हसायचो. एका भाषेतला शब्द दुसरीत गेला की माणसाची काय दशा होते, हे आमच्यात तुम्हाला सगळ्यांत आधी कळलं होतं. म्हणून तर जास्त राग येतो.

मला तुमच्याकडे बाइतो मिळालं. अर्धवेळ कामाला इथे हाच शब्द. पहिले काही आठवडे मी माश्यांचा स्वयंपाकच केला. मक्याचं पीठ, यीस्ट आणि साखर मोठ्या पातेल्यात रटरटत शिजवायची आणि बाटल्यांत ओतायची. घरी गेल्यावर निलेश म्हणायचा, आज तुझ्या अंगाला लापशीचा वास येतोय. मी त्यांना चिलटं म्हणायचे, केळ्यांवर बसतात तीच ती. तुम्ही चारचौघांत 'फळमाशी म्हण' म्हणून दटावायचात आणि स्वतः मात्र चिलटंच म्हणायचात.

मग एक दिवस तुम्ही मला लाल दिव्याच्या खोलीत नेलंत. लाल रंग यांच्या घड्याळाला कळत नाही, म्हणालात, म्हणून आपण लाल दिव्यात काम करायचं, यांच्या लेखी ही अमावास्याच. बारीक बारीक काचेच्या नळ्या, प्रत्येकीत एक माशी, एका टोकाला तिचं जेवण, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा. नळीच्या मधोमध डोळ्याला न दिसणारा किरण, माशी तो ओलांडून गेली की संगणकात खूण उमटायची. कित्येक दिवस त्यांनी उजेड पाहिलेला नव्हता. तरी रोज जवळपास त्याच वेळी उठायच्या, त्याच वेळी झोपायच्या. मी विचारलं, यांना सांगतं कोण? तुम्ही इतके खूश झालात की माझ्यासाठी खाली जाऊन मशीनमधून कॉफी घेऊन आलात.

त्या कॉफीवर तुम्ही जे शिकवलंत ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. माशीच्या मेंदूतल्या मोजक्या पेशींमध्ये दोन प्रथिनं संध्याकाळपासून साठत जातात, रात्री पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि स्वतःचंच उत्पादन बंद पाडतात. हळूहळू ती झिजून संपतात, मग उत्पादन पुन्हा सुरू. अशी एक फेरी म्हणजे साधारण एक दिवस. खरी गोम या 'साधारण'मध्येच आहे, तुम्ही म्हणालात. फेरी अगदी बरोबर एका दिवसाची नसते, थोडी सरकते, म्हणून रोज कुणीतरी काटा जागेवर आणून ठेवावा लागतो. ते काम तिसऱ्या एका प्रथिनाचं, क्रिप्टोक्रोमचं. निळा प्रकाश पडला की त्याचा आकार बदलतो, ते घड्याळातल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि पेशी त्या प्रथिनाची विल्हेवाट लावून टाकते. दिवस मावळल्यावर थोड्याच वेळाने उजेड दिसला तर माशीच्या घड्याळाला वाटतं, अजून संध्याकाळ व्हायचीय, आणि ते मागे पडतं. उजाडायच्या थोडं आधी दिसला तर वाटतं, झाली सकाळ, आणि ते पुढे जातं. मी एमएस्सी झाले होते, पण एवढं सोपं करून मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

डोळ्यांनी उजेड घेताच येत नाही अशा माश्याही तुम्ही दाखवल्यात. आंधळ्या, पण सकाळ चुकवत नव्हत्या, कारण ते प्रथिन घड्याळाच्या पेशींमध्येच असतं आणि माशीच्या डोक्यातून उजेड आरपार तिथवर पोचतो. आणि ज्यांच्यात ते प्रथिनच बिघडलंय अशाही दाखवल्यात. इंग्रजीत त्याचं लाडकं नाव क्राय, म्हणून त्या माशीला क्रायबेबी म्हणायचे, तुम्ही तिची 'रडूबाई' केलीत. अखंड दिवा जळत ठेवला की धडधाकट माशीचं घड्याळ कोलमडतं, ती वेळी-अवेळी नुसती भटकत राहते. रडूबाईचं मात्र चालूच राहतं, कारण त्या उजेडाचा तिच्यावर फारसा परिणामच होत नाही. तुम्ही रडूबाईच्या नळीवर टिचकी मारून म्हणायचात, ज्याला दिसत नाही तो सुखी. तेव्हा मला हे फार गमतीचं वाटायचं.

मी सुखात होते, मुकुंददादा. तोझाई लाइनच्या गाडीत, गर्दीत उभी राहूनही मला हसू यायचं. सेन्सेई, म्हणजे आपले प्राध्यापक, त्यांनी तुमच्यामार्फत मला विचारलं होतं की पुढच्या वसंतात संशोधक विद्यार्थिनी म्हणून नाव घालशील का. पीएचडी! मी पुण्याला बाबांना फोन करून सांगितलं, बाबांनी सगळ्या सोसायटीला सांगितलं.

मग ती दुपार आली. बाहेर दुपार आणि आत माश्यांची रात्र. आपल्याला रात्रपाळी करायला लागू नये म्हणून पेटीतले दिवस-रात्र उलटे लावलेले असायचे. लाल दिव्याच्या खोलीबाहेर कपाटाएवढी ती पेटी, आत त्या आंधळ्या माश्या. ठरल्या वेळी त्यांच्यावर निळ्या प्रकाशाचा झोत टाकायचा आणि घड्याळ किती सरकतं ते बघायचं, असा प्रयोग. सेन्सेईंचे कित्येक महिने त्यात गेलेले. पेटीच्या दारावर तीन बारके दिवे होते. लाल लागला की आत अंधार. निळा लागला की आत झोत चालू. हिरवा लागला की दार उघडायला हरकत नाही. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण पेटी रोज तुम्हीच उघडायचात. दारावर सेन्सेईंच्या हातची एक जुनी चिठ्ठी चिकटवलेली होती, जपानीत.

तुम्हाला कुठेतरी जायचं होतं, गाडीची वेळ झाली होती. शेवटच्या फळीवरच्या नळ्या बदलायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. दार कधी उघडू, मी विचारलं. तुम्ही चिठ्ठीवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, दिवा निळा झाला की उघड. मला विचित्र वाटलं. मी पुन्हा विचारलं, निळा झाल्यावरच ना? तुम्ही अंगात कोट घालता घालता म्हणालात, "अगं, स्पष्ट लिहिलंय, आओ. आओ म्हणजे निळा." आणि गेलात.

दिवा निळा झाला, मी दार उघडलं, आणि ट्यूबलाइटचा लख्ख उजेड आतल्या सगळ्या माश्यांवर पडला. मी शांतपणे, काळजीपूर्वक, एकेक नळी बदलत बसले. त्या प्रथिनाने इमानेइतबारे आपलं काम केलं. उजेड दिसला, घड्याळ सरकवलं. त्याला काय माहीत, दार कुणाच्या सांगण्यावरून उघडलंय ते. पुढे संगणकावर आलेख बघितला तर सगळ्या माश्या भलत्याच वेळी जाग्या होत होत्या. अख्खा प्रयोग मातीत गेला.

सेन्सेईंनी आपल्याला खोलीत बोलावलं. मला तेव्हा जपानी नमस्कार आणि आभार यापलीकडे येत नव्हतं. तुम्ही त्यांच्यासमोर उभे राहून एक वाक्य बोललात, "कानोजो गा माचिगाएमाश्ता," आणि कमरेत वाकलात. मला कोपराने खूण केलीत. मीही वाकले. मला वाटलं, आपण दोघं मिळून दिलगिरी सांगतोय, इथली पद्धतच आहे ती. सासूबाईंच्या पाया पडावं तशी मन लावून वाकले मी, तुमच्यापेक्षाही खाली. सेन्सेई समजुतीने काहीतरी बोलले. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, मिटलं सगळं.

मिटलंच. माझं मिटलं. इथे कुणी तोंडावर 'येऊ नकोस' म्हणत नाही. 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत. मला परत बोलावणं आलं नाही, आणि वसंतातलं ते नाव घालणंही त्या 'कळवतो'मध्ये गेलं. तुम्ही म्हणालात, सेन्सेईंचा निधी कमी झालाय. मी तेही खरं मानलं. बाबांना काय सांगायचं याची जुळवाजुळव मी आठवडाभर करत होते.

घरी बसून करू काय, म्हणून वॉर्डच्या कचेरीतल्या जपानीच्या वर्गाला जायला लागले. शिकवायला एक म्हाताऱ्या बाई यायच्या. एकदा त्यांनी रस्त्यावरच्या सिग्नलचं चित्र दाखवलं. खालचा-वरचा नाही, इथला आडवा सिग्नल, त्यात हिरवा लागलेला. म्हणाल्या, आओ. मी हात वर करून म्हटलं, हा तर मिदोरी, हिरवा. सगळे परदेशी इथेच अडतात, त्या हसून म्हणाल्या. पूर्वी आमच्याकडे निळ्या-हिरव्याला मिळून एकच शब्द होता, म्हणून 'जा' सांगणारा दिवा हिरवा असला तरी त्याला आओच म्हणायचं. मी विचारलं, आणि यंत्रावरचा दिवा असेल तर? दार उघडायला हरकत नाही असं सांगणारा? तोही आओच, त्या म्हणाल्या.

पुढच्याच धड्यात 'माचिगाए' आला. माचिगाए म्हणजे चूक. कानोजो गा माचिगाएमाश्ता म्हणजे 'ती चुकली'. मी वही मिटून वर्गाबाहेर आले आणि चौकातल्या सिग्नलपाशी जाऊन उभी राहिले. तो हिरवा होत होता, लाल होत होता, माणसं येत-जात होती आणि मी रस्ता ओलांडत नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिली होती. संन्याशाला फासापुढे वाकायलाही लावतात हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्या रविवारी तुम्ही आमच्याकडे थालीपीठ खायला आलात, नेहमीसारखे. मी पहिलं थालीपीठ वाढलं आणि विचारलं. तुम्ही नाकबूल झाला नाहीत, एवढं श्रेय तुम्हाला देते. तुम्हीच सांगितलंत की ती चिठ्ठी जुनी, निळा दिवा नंतर बसवलेला. तुम्ही स्वतः रोज डोळे मिटून हिरव्यावर दार उघडायचात, पण मला वाचून दाखवताना तोंडातून निळा निघून गेला. मी म्हटलं, ठीक आहे, घाईत असं कुणाच्याही हातून होईल. ते मी त्याच क्षणी माफ केलं, निलेश साक्षीला आहे. मग मी विचारलं, सेन्सेईंना असंच का नाही सांगितलंत? आणि तुम्ही थालीपिठावर लोणी फिरवत म्हणालात, "तुला काय फरक पडणार होता?"

हे वाक्य मी अजून गिळलेलं नाही. तुमचं कॉन्ट्रॅक्ट पुढे जायचं होतं, तुमचं नाव व्हायचं होतं, तुम्ही पुरुष, तुम्ही शास्त्रज्ञ. आणि मी कोण? कुणाच्या तरी व्हिसावर आलेली बाई, आज बाटल्या धुते, उद्या घरी पोळ्या लाटेल, हिला काय फरक पडणार! ज्या एकट्या माणसाने मला मी काय शिकले ते विचारलं होतं, तोच हे म्हणाला. दुसरा कुणी असता तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. शब्द चुकला त्याची माफी दिली. या वाक्याची दिली नाही, आजही देत नाही.

माणसं नोकरीसाठी भाषा शिकतात, प्रेमापोटी शिकतात. मी डूख धरून शिकले. सुपरमार्केटच्या जाहिरातींच्या पाठकोऱ्या बाजूवर कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, गिरवून गिरवून बोटाला घट्टा पडला. सगळ्यांत वरची परीक्षा पास झाले. आता मी इंजिनिअर आणि जपानी गिऱ्हाईक यांच्यामध्ये बसून दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे नेते, आणि प्रत्येक रंग दोनदा विचारून घेते. मला तुमच्याकडून एवढंच हवं होतं: सेन्सेईंसमोर उभं राहून, मी शेजारी असताना, जपानीत म्हणा की दिवा हिरवा होता, मी निळा सांगितला, ती चुकली नव्हती. तुम्ही दर दिवाळीला म्हणायचात, सांगतो. तुमचं 'सांगतो' आणि त्यांचं 'कळवतो' सख्खे भाऊ. निलेश म्हणायचा, तूच जाऊन सांग ना आता, जपानी येतंय की. पण मी सांगितलं असतं तर ती सबब ठरली असती. खरं ठरायला ते तुमच्या तोंडून यायला हवं होतं.

आणि बाबा गेले तेव्हा तुम्ही काय केलंत! मला तिकीट मिळालं नाही, बाबांचं अंत्यदर्शन मी फोनवर नुसतं ऐकलं. तुम्ही आलात, सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीत, बाह्या सरसावल्यात आणि सिंकमध्ये साचलेली सगळी भांडी घासून टाकलीत. कचऱ्याचा दिवस होता, जळणारा आणि न जळणारा कचरा वेगळा करून खाली ठेवून आलात. मी तुमच्या पाठीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, पुरते वाईट तरी असायचं होतंत, माझं काम सोपं झालं असतं.

भांडणंही दुसऱ्या कुणाशी अशी झाली नाहीत. मी ग्रंथालयात वाचून आले की मधमाश्यांमध्ये तुमचं ते उजेड पकडणारं प्रथिन, माशीतल्यासारखं, नसतंच. मग त्यांचं घड्याळ कोण लावतं? डोळे लावत असतील, तुम्ही म्हणालात. मग डोळ्यांची गरजच नाही असं छातीठोकपणे शिकवलंत त्याचं काय, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, मी चिलटांचा माणूस, मधमाश्यांचं मला विचारू नकोस. पण विचार करत राहिलात. शेवटच्या फोनवर म्हणालात, एक गोष्ट लक्षात आलीय, भेटल्यावर सांगतो. आता ते काय होतं, ते कुणाला विचारू? म्हणजे तुमच्याकडचं एक 'सांगतो' नाही, दोन बाकी राहिली.

तुमच्या शोकसभेला निशी-कसाईचा हॉल भरला होता. एका बाजूला काळ्या कपड्यांतली जपानी मंडळी, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कपड्यांत आपली. सांगलीहून तुमचे वडील आले होते. अप्पांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, जपानला पहिल्यांदा आले ते यासाठी. ते पुढच्या खुर्चीत ताठ बसले होते. दुभाषी म्हणून वहिनींनी मला उभं केलं. तुझ्याशिवाय कोण आहे, म्हणाल्या.

सेन्सेई उठले. त्यांनी मला ओळखलं नाही. तुमच्या चिकाटीबद्दल बोलले, मी मराठीत सांगितलं. तुम्ही प्रयोगशाळेत करून आणायचात त्या शिऱ्याबद्दल बोलले, मी सांगितलं, लोक रडता रडता हसले. मग म्हणाले, मुकुंद-सान दुसऱ्याची चूक अंगावर घेणारा माणूस होता. एकदा एका बाइतोवरच्या भारतीय बाईंनी भलत्या वेळी पेटी उघडून मोठा प्रयोग घालवला. तो त्यांच्याबरोबर माझ्यासमोर वाकला आणि नंतर एकटा येऊन म्हणाला, त्यांना बोलू नका. असा माणूस मी पाहिला नाही. एवढं बोलून ते थांबले आणि मी मराठीत सांगावं म्हणून माझ्याकडे बघत राहिले.

वा, मुकुंददादा! मरणानंतरही तुम्ही माझ्याच तोंडून मला चुकलेली ठरवणार होतात, आणि त्यावर लोक टिपं गाळणार होते.

मी मराठीत काही बोलले नाही. सेन्सेईंकडे वळले आणि जपानीत सांगितलं की ती बाई मी. सेन्सेई, तुमच्या चिठ्ठीत आओ होतं, निळा दिवा नंतर बसवला होता, मुकुंद-साननी मला निळा म्हणून सांगितलं. मी दोनदा विचारलं होतं. माझा आवाज कापला नाही, क्रियापद चुकलं नाही, आदराची रूपं जिथल्या तिथे होती. इतकी वर्षं मी दुसरं केलं काय होतं!  सेन्सेई स्वतःशीच पुटपुटले, आओ. आणि माझ्यासमोर कमरेत वाकले, मघाशी तुमच्या फोटोसमोर वाकले होते त्याहून खाली. मला गोड वाटलं. लपवत नाही, फार गोड वाटलं. मी मुद्दाम तुमच्या फोटोकडे बघून घेतलं.

आपल्या बाजूला कुणालाच काही कळलं नव्हतं. अप्पांनी विचारलं, "बाई, काय म्हणाले ते? तुमच्यापुढे का वाकले?" मला काहीही सांगता आलं असतं, त्या अर्ध्या हॉलमध्ये माझं म्हणणं तपासणारं कुणी नव्हतं. फक्त वहिनींनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. नको म्हणून. म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माझ्या घरी जेवत होत्या आणि त्यांना माहीत होतं!

मी सांगितलं. काही आडपडदा न ठेवता, चिठ्ठीपासून थालीपिठापर्यंत, मराठीत, मोठ्याने. मागून कुणीतरी म्हणालं, आजच्या दिवशी तरी नको होतं. आजच्या दिवशीच तर तुमची खोटी बाजू मला मराठीत सांगायला दिली होती.

अप्पांनी सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, शब्द कोणता चुकला? मी म्हटलं, आओ. निळा सांगितला, हिरवा हवा होता. ते मान डोलावत राहिले. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, दोन पावलं माझ्याकडे आले, हात जोडले आणि वाकायला लागले. मी पुढे होऊन त्यांचे दोन्ही दंड धरले. त्या वयात अंगात काय उरतं, हातात नुसता झब्बा आला. ते म्हणत होते, त्याच्या वतीने मी. मी म्हटलं, "नाही अप्पा. चूक एकाची आणि वाकायचं दुसऱ्याने, हे एकदा झालंय. पुन्हा होऊ देणार नाही."

त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. ते रडत होते, मीही रडत होते, आणि समोर हार घालून तुम्ही हसत होतात.

सेन्सेई वाकले ते स्वतःच्या चिठ्ठीसाठी. अप्पांना मी वाकू दिलं नाही, वहिनी उद्या आल्या तर त्यांनाही देणार नाही. तुमची माफी तुम्ही बरोबर घेऊन गेलात, मुकुंददादा. आता कुणीही ती माझ्यापुढे आणून ठेवली तरी मी हात लावणार नाही. मला ती तुमच्याकडून हवी होती.